दुर्गदर्शनाचा यात्राधर्म

(पुण्यात कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



११ जुलै २०२५ या दिवशी पॅरिस येथे भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ दुर्गांचा समावेश जागतिक वारसा सूचीत केला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि दूर तामिळनाडूतील जिंजी. त्यांपैकी शिवनेरी, लोहगड व राजगड हे ३ गड आपल्या पुणे जिल्ह्यातले. ही वार्ता आली तेव्हा आपण सर्वांनीच एकमेकांना पेढे दिले. जो इतिहास आपण आजीच्या मांडीवर बसून ऐकला, त्याची थोरवी जगाने मान्य केली, याचा आनंद कोणाला होणार नाही?

परंतु सन्मान एकटा येत नाही, तो उत्तरदायित्व बरोबर घेऊन येतो. या गडांकडे आता देशोदेशीचे अभ्यासक येतील, परप्रांतांतले प्रवासी येतील. आणि सर्वांत मोठी संख्या असेल ती आपलीच, पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय कुटुंबांची. शनिवार-रविवार आला, पावसाची एक सर पडली, की आपली पावले, किंवा खरे बोलायचे तर आपल्या गाड्यांची चाके, गडांकडे वळतात. २०२३ च्या पावसाळ्यात एका रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर माणसे अशी दाटली की कित्येक तास कोणाला धड वर जाता येईना, धड खाली उतरता येईना. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा ४ दरवाजांची ही वाट शत्रूला अडविण्यासाठी मुद्दाम अरुंद आणि वळणाची बांधलेली आहे. तिने इतक्या वर्षांनी आपल्यालाच अडविले!

म्हणून आज मला आपल्यासमोर एकच प्रश्न ठेवायचा आहे. गडावर आपण कोणत्या नात्याने जातो? पैसे देऊन मौज विकत घेणारे ग्राहक म्हणून, की त्या गडाचे पाणी, झाडे आणि दगड राखण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, असे गडावरचे माणूस म्हणून?

अमात्यांची ताकीद

पर्यावरणाचा विषय निघाला की तो पाश्चात्त्यांकडून आलेला आहे, अशी एक समजूत आपल्याकडे आढळते. ज्यांना तसे वाटते त्यांनी ‘आज्ञापत्र’ उघडून पाहावे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांपैकी एक असलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा राजनीतीवरचा ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा. शिवकाळातील कारभाराचा अनुभव त्यात उतरला आहे. त्यातील दुर्गांविषयीचे प्रकरण म्हणजे गड कसा राखावा याचे शास्त्रच आहे.

त्यात अमात्य काय सांगतात? गडावर आधी पाणी पाहावे. पाणी नसेल आणि स्थळ तर बांधणे अगत्याचे असेल, तर आधी खडक फोडून टाकी-तळी बांधावीत. एखादा झरा आहे, तेवढे पाणी पुरते आहे, म्हणून स्वस्थ बसू नये. युद्धकाळात झरे आटू शकतात, म्हणून साठवणाचे पाणी हवेच, आणि ते जतन करून ठेवावे. गडावरच्या झाडांविषयी सांगतात की असलेली राखावीत आणि आणखी लावावीत. आणि केरकचऱ्याविषयी जे सांगतात ते तर आज प्रत्येक गडाच्या पहिल्या पायरीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. गडावरच्या वाटांवर, बाजारात, तटाच्या कडेला केर पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली लोटून देऊ नये. तो जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी आणि तिच्यावर घरोघरी भाजीपाला करावा.

गडाखाली केर लोटू नये! तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या केरात काय असणार? पालापाचोळा, काटक्या, चिंध्या. तो खाली गेला असता तर मातीतच मिसळला असता. तरीही अमात्यांनी मनाई केली. आज आपण तटावरून जे भिरकावतो, ती पाण्याची बाटली, वेफर्सचे पाकीट, गुटख्याची पुडी, यांतले काहीच मातीत मिसळत नाही. आणि प्लास्टिक जाळले तर त्याची राख भाजीला घालता येत नाही, उलट त्याचा धूर विषारी असतो. म्हणजे अमात्यांचा जाळण्याचा उपाय आता चालणार नाही. पण त्यामागचा नियम आजही जसाच्या तसा लागू आहे. ज्याचा केर त्याने आवरावा, खालच्याच्या माथी मारू नये. आपल्या बाबतीत त्याचा अर्थ एकच होतो : वर नेलेली प्रत्येक वस्तू आपल्याच पिशवीतून खाली उतरली पाहिजे, आणि खाली म्हणजे पायथ्याच्या गावात नव्हे, तर आपल्या घरापर्यंत.

नेपाळ शासनाने २०१४ मध्ये सगरमाथ्यावर, म्हणजे एव्हरेस्टवर, जाणाऱ्या प्रत्येक गिर्यारोहकाने किमान ८ किलो कचरा खाली आणावा असा नियम केला. जगाने त्याचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. आपल्या पूर्वजांनी त्याच जातीचा नियम गडांसाठी तीन शतके आधी लिहून ठेवला होता, याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण नियम लिहिणाऱ्याचे वंशज म्हणवून घ्यायचे आणि नियम मोडणाऱ्यांत आपलेच नाव अग्रभागी, ही गोष्ट अभिमानाची नाही.

गडावरचा केर आपल्याच घरी

पुणेकरांसाठी यात आणखी एक मर्म आहे. सिंहगड जागतिक वारसा सूचीत नाही, पण पुणेकरांच्या जिव्हाळ्याच्या सूचीत तो पहिला आहे. समुद्रसपाटीपासून १३०० मीटरहून थोडा अधिक उंच असा हा गड. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांच्या मावळ्यांनी जिथे रक्त सांडले, त्या मातीत आज आपण काय सांडतो?

गडाच्या उत्तर उतारावरचे ओढे कोठे जातात, याचा विचार आपण क्वचितच करतो. ते डोणज्याच्या बाजूने खडकवासल्याच्या जलाशयाकडे वाहतात. जे पाणी आपल्या नळाला येते, त्याच जलाशयाकडे. पावसाळ्यात गडावरून निघालेली पिशवी ओढ्यातून, नाल्यातून त्या दिशेने जाते. अमात्यांना कदाचित गडाखालच्या रयतेची काळजी असेल. आपल्याला निदान स्वतःची तरी असावी!

आणि गडावरच्या टाक्यांचे काय? देवटाक्याच्या थंडगार पाण्याची गोडी जुने पुणेकर अजून सांगतात. गडावरचे टाके म्हणजे पावसाळ्याच्या ४ महिन्यांत भरलेली आणि उरलेल्या ८ महिन्यांत पुरवून वापरायची तिजोरी असते. शिबंदी किती ठेवावी, हे त्या पाण्यावर ठरे. म्हणजे गडाची क्षमता किती, याचे मोजमाप आपल्या दुर्गरचनाकारांनी खडकातच कोरून ठेवले होते. आजचे तज्ज्ञ ज्याला ‘धारणक्षमता’ म्हणतात, ती हीच. फरक इतकाच की गडकऱ्याला ती पाळावी लागे, कारण न पाळली तर गड तहानेने पडे. आपण संध्याकाळी घरी परततो, म्हणून आपल्याला ती जाणवत नाही. टाक्यात पाय बुडविणारा, हात-तोंड धुणारा, बाटली टाकणारा प्रवासी निघून जातो. ते पाणी नासलेले राहते, आणि त्याच्या आधारावर जगणारी माणसे, गुरे, पाखरे मागे राहतात.

चाकांचा प्रश्न

कचरा डोळ्यांना दिसतो म्हणून त्याविषयी बोलणे सोपे असते. त्याहून अवघड विषय आपल्या दारात उभ्या असलेल्या चारचाकीचा आहे.

थोडे गणित करू. पुण्याच्या मध्यवस्तीतून सिंहगडाच्या माथ्यावरील वाहनतळापर्यंत जाऊन येणे म्हणजे सुमारे ७० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर धरले तर साडेचार लिटरहून थोडे अधिक पेट्रोल लागते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कर्बवायू हवेत जातो. म्हणजे एका फेरीला जवळजवळ ११ किलो. गाडीत दोघेच असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेपाच किलो. चाळीस प्रवाशांनी भरलेल्या बसमध्ये हाच वाटा साधारण चतुर्थांशावर येतो. आणि पायथ्यापासून वर चालत गेलो, तर घाटातला धूर, हॉर्न आणि कोंडी यांतला आपला वाटा शून्य होतो. शिवाय गड चढल्याचे पुण्य पदरी पडते ते वेगळेच!

यावर उपाय करून पाहिला गेला नाही, असे नाही. मे २०२२ च्या आरंभी सिंहगडाच्या घाटात खासगी वाहने बंद करून पीएमपीएमएलच्या विजेवर चालणाऱ्या बस सुरू करण्यात आल्या. कल्पना उत्तम होती. परंतु सुट्टीच्या दिवशी गर्दीच्या मानाने बस अपुऱ्या पडल्या, परतीसाठी लोकांना ताटकळावे लागले, विद्युत भारणाची व्यवस्था तोकडी ठरली, आणि पंधरवड्याच्या आसपासच ही सेवा स्थगित करावी लागली. पुन्हा गाड्यांची रांग घाटात सुरू झाली.

या प्रसंगातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला प्रशासनासाठी आहे. चांगली योजना पूर्वतयारीवाचून राबविली, तर लोक योजनेलाच दोष देतात आणि पुढची दहा वर्षे तिचे नाव काढणे कठीण होते. दुसरा आपल्यासाठी आहे. त्या पंधरा दिवसांत गैरसोयीच्या तक्रारी पुष्कळ झाल्या, त्यांतल्या अनेक रास्तही होत्या. परंतु बस वाढवा, वेळापत्रक नीट करा, पण गाड्या पुन्हा सोडू नका, असा आग्रह समाजातून जेवढा व्हायला हवा होता तेवढा झाला का? सुधारणा शासनाने करावी आणि सोय आपली राहावी, ही अपेक्षा नागरिकाची नव्हे, ग्राहकाची असते.

मर्यादेचे अप्रूप

मर्यादा घातली की पर्यटन बुडते, अशी भीती घातली जाते. महाराष्ट्रातीलच दोन उदाहरणे पाहा. माथेरानमध्ये मोटारींना प्रवेश नाही. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून पुढे पायी, घोड्यावरून किंवा लहान गाडीतून जावे लागते. २००३ मध्ये केंद्र शासनाने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. म्हणून माथेरान ओस पडले काय? उलट, मोटारी नाहीत म्हणूनच तर लोक तिथे जातात. दुसरे उदाहरण साताऱ्याजवळच्या कास पठाराचे. सह्याद्रीतील अन्य स्थळांसमवेत ते २०१२ मध्ये जागतिक वारसा सूचीत गेले. फुलांच्या हंगामात झुंडी लोटू लागल्या, फुले तुडवली जाऊ लागली. तेव्हा प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी आणि दैनंदिन संख्येवर मर्यादा असे मार्ग अवलंबिले गेले, आणि व्यवस्थेत आसपासच्या गावांच्या समित्यांना स्थान मिळाले. तिथेही सर्व आलबेल आहे असे नाही. पण दिशा योग्य आहे. निलगिरीतील उटी आणि तामिळनाडूतलेच कोडाईकनाल येथे मे २०२४ पासून न्यायालयाच्या आदेशाने वाहनांना ई-पास लागू झाला, तोही याच दिशेने.

गडांवर हे होणारच नाही असे कोणी समजू नये. उद्या राजगडावर किंवा लोहगडावर दिवसाला अमुक इतक्याच लोकांना प्रवेश, असा नियम झाला तर आपली प्रतिक्रिया काय असेल? ‘आमच्याच राजाच्या गडावर आम्हाला बंदी?’ असा संताप व्यक्त करणे फार सोपे आहे. परंतु स्वराज्यात गडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद होत आणि नियम सर्वांना सारखा असे. शिस्त ही त्या राज्याची ओळख होती. मग ती पाळण्यात अपमान कसला?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. मर्यादा घातली की तिचा फटका गरिबाला बसतो, शाळेतल्या मुलांना बसतो. म्हणून माझे म्हणणे असे की मर्यादा माणसांच्या आधी वाहनांवर यावी, विद्यार्थ्यांच्या सहलींना सवलत राहावी, आणि गोळा होणारे शुल्क गडाच्या आणि घेऱ्यातील गावांच्या कामी लागावे.

घेऱ्यातील माणसे

‘घेरा’ हा शब्द आपण ‘घेरा सिंहगड’ या गावाच्या नावात ऐकतो. गडाभोवतीचा हा मुलूख आणि त्यातली माणसे गडाची पहारेकरी होती. मेटांवरून ती रात्रंदिवस वाटांवर नजर ठेवीत. आज त्याच वस्त्यांतली कुटुंबे गडावर पिठले-भाकरी, कांदाभजी, मडक्यातले दही आणि ताक विकून पोट भरतात. पहाटे डोक्यावर ओझे घेऊन चढणारी मावशी आपण सर्वांनी पाहिली आहे. पर्यावरणाचा विचार करताना या माणसांना अडगळ मानणारी एक शहरी दृष्टी आहे. ती आपली असता कामा नये.

उलट, शाश्वत पर्यटनाचा सर्वांत सोपा धडा या मावशीकडेच आहे. तिची भाकरी गावात दळलेल्या पिठाची, दही मातीच्या मडक्यातले. आपण शहरातून प्लास्टिकच्या वेष्टनातले खाणे घेऊन जातो, तिचे काही घेत नाही, आणि वेष्टन मात्र तिच्या दारात टाकून येतो. याला पाहुणचार म्हणायचे की लूट? तिच्याकडे जेवलो तर पैसा गावात राहतो आणि कचरा गडावर राहत नाही. आणि तिलाही आपण नम्रपणे म्हणू शकतो, ‘मावशी, कागदाची-प्लास्टिकची बशी नको, आमचे ताट आम्ही आणले आहे.’ दहा गिऱ्हाइकांनी असे म्हटले की अकराव्याच्या वेळी ती स्वतःच विचारील.

वारीची शिकवण

प्रवास कसा करावा, हे शिकण्यासाठी आपल्याला फार दूर जायला नको. दरवर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. लक्षावधी माणसे पायी चालतात, ठरलेल्या दिंडीत, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या मुक्कामी. ओझे खांद्यावर मावेल एवढेच. गावोगावचे लोक जे वाढतील ते प्रसाद म्हणून घ्यायचे. इतक्या मोठ्या समूहाच्या प्रवासातही अस्वच्छतेचा प्रश्न उभा राहिलाच. आणि तो नाकारण्याऐवजी गेल्या दशकात ‘निर्मल वारी’च्या उपक्रमातून पालखीमार्गावर फिरती स्वच्छतागृहे उभी राहिली, स्वयंसेवक पहाटे उठून वारकऱ्यांना हात जोडून तिकडे वळवू लागले. श्रद्धेला बाधा न आणता सवय बदलता येते, याचे हे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे.

यात्रा आणि सहल यांत भेद आहे. यात्रेकरू आधी नियम घेतो आणि मग निघतो. काही सोडतो, काही सोसतो, आणि देवाच्या दारातून काही ओरबाडून आणत नाही. आपल्या देवरायांचा नियम हाच. तिथली वाळकी काटकीही उचलायची नाही. पुण्यातील संशोधक माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. धाकापेक्षा श्रद्धेने राखलेले रान अधिक टिकले, हे त्या रायांकडे पाहून पटते. गड हीसुद्धा आपली श्रद्धास्थानेच आहेत. मग देवराईचा नियम गडाला का नसावा?

घरातून आरंभ

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की आज घरी जाऊन कुटुंबासह चार नियम घ्यावेत.

पहिला नियम प्रवासाचा. सिंहगडाला जायचे तर पीएमपीएमएलच्या बसने पायथ्यापर्यंत आणि पुढे आतकरवाडीच्या पायवाटेने. लोहगडाला लोणावळा लोकलने मळवलीपर्यंत आणि भाजे गावातून चालत. शिवनेरीसाठी जुन्नरपर्यंत एसटी आहे. गाडी न्यावीच लागली, घरात वृद्ध असले, तर ती पूर्ण भरून न्यावी.

दुसरा नियम सामानाचा. धातूची बाटली, स्वतःचे ताट-पेला, आणि प्रत्येकामागे एक रिकामी कापडी पिशवी. आपला कचरा तर आणायचाच. पण वाटेत दिसलेल्या दोन परक्या वस्तूही उचलून आणायच्या.

तिसरा नियम वेळेचा. पावसाळ्यातला रविवार शक्यतो टाळावा. १५ जून २०२५ च्या रविवारी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि ४ जीव गेले, हे विसरू नये. महाराष्ट्रात साडेतीनशेहून अधिक दुर्ग आहेत. सर्वांनी एकाच दिवशी एकाच गडावर गेले पाहिजे, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

चौथा नियम वर्तनाचा. गडावर ध्वनिवर्धक नको, तटावर नावे कोरणे नको, माकडांना खाऊ नको, टाक्यात उतरणे नको. कोणी तसे करताना दिसला तर भांडू नये. हात जोडून सांगावे, आणि सांगताना आपली पिशवी त्याला दिसेल अशी धरावी.

हे नियम लहान आहेत, ठाऊक आहे मला. एका कुटुंबाने पाळले तर गडाला फारसा फरक पडणार नाही. पण आपल्या शाखा, मंडळे, सोसायट्या, शाळा यांतून हजार कुटुंबांनी पाळले, तर मग प्रशासनाकडे पुरेशा बस मागण्याचा, घाट गाड्यांना बंद करण्याचा आग्रह धरण्याचा नैतिक अधिकार आपल्याला येईल. जो स्वतः गाडी घरी ठेवून आला आहे, त्याच्या बोलण्याला वजन असते.

येत्या रविवारी, किंवा त्याहून बरे म्हणजे येत्या बुधवारी, मुलांना घेऊन गडावर जा. त्यांना तानाजींची गोष्ट जरूर सांगा. पण त्याबरोबर अमात्यांची केराविषयीची ताकीदही सांगा. रक्त सांडण्याची वेळ प्रत्येक पिढीवर येत नाही. झाडू हाती घेण्याची वेळ मात्र प्रत्येक पिढीवर येते, आणि आपल्या पिढीवर ती आली आहे.